वेबली मार्क ६ मध्ये फिओकीची .४५५ काडतुसं, काही महिने वापरल्यावर

टेक्सासमध्ये राहतो, माझ्याकडे वेबली मार्क ६ ही ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर आहे, पहिल्या महायुद्धातली. गेले काही महिने तिच्यात फक्त फिओकी या इटालियन कंपनीची .४५५ मार्क २ काडतुसं (हा मार्क काडतुसाचा, बंदुकीचा नाही) वापरतोय आणि मी तरी दुसरं काही भरणार नाही.

गोळी शिशाची, २६२ ग्रेन (सुमारे १७ ग्रॅम). ब्रिटिश लष्कराची मूळची २६५ होती, म्हणजे जवळपास तीच. जड गोळी, वेग कमी, त्यामुळे हाताला सणसणीत झटका बसत नाही, कोणीतरी तळहात हळूच मागे ढकलल्यासारखं वाटतं. रिव्हॉल्व्हर मधल्या बिजागरीवर वाकवून उघडली की सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात. प्रत्येक वेळी मी त्या हातात घेऊन बघतो, प्रायमर (बुडातली, घोडा आपटला की पेटणारी टोपी) चपटा झालाय का, पुंगळी कुठे फुगलीय का, चीर गेलीय का. आजपर्यंत सगळ्या स्वच्छ निघाल्यात. शिसं नळीत थोडं बसतं, ब्रशने निघतं.

महाग आहेत आणि बऱ्याचदा स्टॉकच नसतो, हे खरंय. त्यामुळेच लोक .४५ एसीपी या अमेरिकन पिस्तुलाच्या काडतुसाकडे वळतात आणि तिथेच माझा जीव वरखाली होतो. झालं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर या वेबली अमेरिकेत ढिगाने आल्या, .४५५ काडतुसं मिळेनात, मग विकणाऱ्यांनी सिलिंडरची (काडतुसं बसतात तो फिरता भाग) मागची बाजू घासून हाफ-मून क्लिपमध्ये (तीन काडतुसं धरणारी अर्धगोल पट्टी) एसीपी बसेल असं करून टाकलं. बसते, बारही होतो. पण एसीपीची कमाल प्रेशर मर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), आणि वेबली त्याच्या कितीतरी खालच्या दाबासाठी बनलेली, फॅक्टरी एसीपी म्हणजे प्रत्येक बार जवळपास प्रूफ टेस्ट, म्हणजे मुद्दाम जास्त दाब देऊन केलेली चाचणी! शंभर वर्षांच्या लोखंडावर कशाला हा ताण? काडतूस चेंबरमध्ये गेलं म्हणजे ते त्या बंदुकीचं झालं असं अजिबात नाही.

वेबली विकत घेण्याआधी एक तपासा. क्लिपमध्ये एसीपीची डमी (दारू नसलेलं नकली काडतूस) लावून सिलिंडरमध्ये ठेवा आणि रिव्हॉल्व्हर मिटवून बघा. मूळ सिलिंडर असेल तर ती मिटणारच नाही, मिटली तर घासलेली आहे. घासलेल्या सिलिंडरमध्ये .४५५ सैल बसतं, मागे फट राहते, घोडा पडूनही बार होत नाही. अशांसाठी .४५ ऑटो रिमची पुंगळी बरी, तिची रिम (बुडाची कड) जाड असल्यामुळे फट भरते, पण आत हलका लोड (कमी दाबाचा दारूचा भरणा) आणि शिशाचीच गोळी हवी, आणि तो लोड जाणकार रीलोडरकडूनच (पुंगळ्या पुन्हा भरणारा) भरून घ्या.

आणि कोणाकडे मार्क १ ते ४ असेल तर माझा हा रिव्ह्यू वाचून फिओकी मागवू नका. मार्क १ आली १८८७ मध्ये, काळ्या दारूच्या जमान्यात, धूरविरहित दारूसाठी सिलिंडर मोठा केला तो १९१३ च्या मार्क ५ मध्ये. तुमची आधी गनस्मिथला दाखवा, सिलिंडर हलतो का, लॅच (मिटलेली रिव्हॉल्व्हर धरून ठेवणारी कडी) घट्ट बसतो का ते बघू दे, आणि उडवायचीच तर काळ्या दारूचा लोड घ्या.