केल्डाल संच घेताना डायजेशनकडे आणि पाण्याकडे बघा : इंदूरमधला अनुभव

इंदूरच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजणारा हा अर्धस्वयंचलित केल्डाल संच गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे. सहा ट्यूबचा डायजेशन ब्लॉक, म्हणजे नमुना आम्लात उकळून त्यातल्या नायट्रोजनचं अमोनियम करणारा भाग; तो अमोनिया वाफेबरोबर काढून बोरिक आम्लात पकडणारं वेगळं डिस्टिलेशन युनिट; आणि टायट्रेशन, म्हणजे आम्ल किती लागतं त्यावरून अमोनिया मोजणं, हातानंच. कान्ह नदीला मिळणाऱ्या नाल्यांचं सांडपाणी आणि सांवेर-देपालपूरकडची काळी माती, दोन्ही मी यावरच करते.

डिस्टिलेशनवर मी खूश आहे. कॉस्टिक सोडा पंपानं पडतो, त्यामुळे हात भाजायची भीती गेली. बोरिक अ‍ॅसिडचा लालसर रंग बघता बघता हिरवा होतो. 0.02 नॉर्मल सल्फ्युरिकनं तो परत लालसर करायचा, ब्लँक (नमुन्याशिवाय केलेल्या चाचणीचा आकडा) वजा करायचा, मिलिलिटरमागे 0.28 मिलिग्रॅम नायट्रोजन. मोजून अमोनियम सल्फेट घालून तपासलं तर आकडा दर वेळी जागेवर येतो.

पण त्या तपासणीतून डायजेशन कळत नाही, आणि आपल्या मातीची खरी अडचण तिथंच आहे. काळ्या मातीवर थेट आम्ल ओतलं की ढेकळं आतून कोरडीच राहतात आणि नायट्रोजन कमी निघतो. आधी पाण्यात भिजवली तर जास्त निघतो, हे 1925 सालीच छापून आलंय. संचाच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. मी माती भिजवून ठेवते आणि तापमान टप्प्याटप्प्यानं वाढवते. एकदम चढवलं तर फेस ट्यूबच्या गळ्याशी येतो.

दुसरी तक्रार कंडेन्सरची, म्हणजे पाण्यानं वाफ थंड करणाऱ्या भागाची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की डिस्टिलेट कोमट उतरतं आणि अमोनिया निसटतो. शेवटी पाणी गार करणारा चिलर घ्यावा लागला. विक्रेत्यानं आधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तुम्ही घेणार असाल तर त्याचे पैसे धरूनच हिशोब करा.

सांडपाण्यासाठी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यात सेंद्रिय आणि अमोनियाचा नायट्रोजन येतो, नायट्रेट येत नाही. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अनेकदा अमोनियाचं नायट्रेट झालेलं असतं. केल्डालचा आकडा घसरलेला दिसतो, नायट्रोजन मात्र पाण्यातच असतो. नुसत्या या आकड्यावर ‘पाणी स्वच्छ’ असा अहवाल देणं मला पटत नाही. नायट्रेट वेगळं मोजा, नाहीतर नायट्रेटचं अमोनिया करणारा देवार्डा मिश्रधातू घालून पुन्हा डिस्टिल करा.

शेतकऱ्यांना हवा असतो उपलब्ध नायट्रोजन, म्हणजे पिकाला मिळू शकणारा. तो अल्कधर्मी परमँगनेट पद्धतीनं याच युनिटवर निघतो, डायजेशनशिवाय. हेक्टरी 280 किलोच्या खाली आला तर कमी. सोयाबीनच्या पेरणीआधी नमुन्यांची रीघ लागते, तेव्हा हे युनिट दिवसभर न थांबता चालतं.