केबलचा थ्रॉटल की इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल?

जुन्या मारुती ८०० मध्ये ॲक्सिलरेटरचे पॅडल आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप पोलादी तारेच्या केबलने जोडलेली असे; पाय जितका दाबावा, तितकी झडप उघडे. ही केबल बहुधा आधी सूचना देऊन बिघडते: पॅडल जड लागते, टोकाशी तारेचा एकेक पदर तुटून बोटाला टोचू लागतो. मात्र ती अडकलीच, तर झडप उघडी राहते आणि ते ओळखणारी यंत्रणा तिथे नसते.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पॅडल केवळ मागणी नोंदवते. झडप किती उघडायची, हे संगणक ठरवतो. पॅडल दाबूनही गाडी क्षणभर थबकते त्यामागे कधी हा हिशेब असतो, तर कधी टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) दाब तयार होण्यास लागणारा वेळ. घाटात ओव्हरटेक करताना तो क्षण जिवावर बेतू शकतो, म्हणून ही तक्रार क्षुल्लक मानणे मला मान्य नाही. तरीही पॅडलवरील दोन सेन्सरांचे संकेत जुळले नाहीत, तर संगणक इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. केबलला हे शक्य नाही.

टोयोटाच्या गाड्या अचानक वेग घेतात, या अमेरिकेतील तक्रारींचा तपास नासाच्या अभियंत्यांनी केला. २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा आढळला नाही, पण तसा दोष अशक्य असल्याचेही त्यांनी म्हटले नाही. पॅडलला अडकणारी पायाखालची मॅट आणि चिकटणारे पॅडल ही यांत्रिक कारणे मात्र खरी होती. माझी पसंती इलेक्ट्रॉनिक थ्रॉटललाच आहे, पण ब्रेक दाबताच ॲक्सिलरेटरची मागणी रद्द करणारी सोय त्या गाडीत असेल तरच.