घडीचे वेदीचित्र: सोलापुरात करून घेतलेल्या एका प्रतिकृतीविषयी

नवी पेठेजवळ देवादिकांच्या तसबिरी मढवून देणारे एक जुने दुकान आहे. आमच्या अभ्यासमंडळाने बेल्जियममधील गेंट शहराच्या प्रसिद्ध वेदीचित्राची, म्हणजे चर्चमधील वेदीवर उभ्या केलेल्या चित्राची, घडी होणारी प्रतिकृती तेथून करून घेतली. उघडल्यावर ती सुमारे पावणेचार फूट रुंद होते, म्हणजे मूळ चित्राच्या जवळजवळ पाव मापाची आहे. छपाईत काही उणिवा राहिल्या आहेत आणि त्या पुढे सांगणारच आहे. तरीही कोणत्याही गुळगुळीत पोस्टरपेक्षा ही प्रतिकृती मला मोलाची वाटते, कारण ती उघडते आणि मिटते.

हे वेदीचित्र म्हणजे ओक लाकडाच्या फळ्यांवर तैलरंगात रंगवलेली, दोन्ही बाजूंना दारांसारखे उघडमिट होणारे पंख असलेली एक भव्य रचना आहे. ह्यूबर्ट व्हॅन आयक याने ते आरंभले, १४२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याचा भाऊ यान याने ते पूर्ण केले. चौकटीवरील लॅटिन लेखात ६ मे १४३२ ही तारीख आहे. गेंटचा धनिक योस व्हेइट आणि त्याची पत्नी लिस्बेत बोर्लूट यांनी आपल्या प्रार्थनालयासाठी ते करवून घेतले. या दांपत्याला मूल नव्हते, आणि तेथे रोज मिस्सा (भाकर व द्राक्षारसाची ख्रिस्ती उपासना) व्हावी म्हणून त्यांनी १४३५ मध्ये कायमची आर्थिक तरतूदही करून ठेवली. ज्या चर्चमध्ये हे प्रार्थनालय होते ते आज सेंट बाव्हो कॅथीड्रल म्हणून ओळखले जाते. एरवी हे पंख मिटलेले असत आणि सणावारी उघडले जात. आपल्याकडे देव्हाऱ्याची दारे उघडल्यावर दर्शन घडते, तसाच हा प्रकार असल्यामुळे दुकानाच्या कारागिराला बिजागऱ्यांचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागले नाही. पंखाच्या दोन्ही अंगांना छपाई हवी, हे त्याने स्वतःच ताडले. उलट १८९४ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयात, दोन्ही बाजू एकाच वेळी भिंतीवर दाखवता याव्यात म्हणून, त्यांच्याकडे असलेल्या पंखांच्या फळ्या जाडीतून चिरून वेगळ्या केल्या गेल्या. ती माहिती वाचताना मन फार अस्वस्थ होते.

मिटलेल्या अवस्थेत वरच्या भागात गब्रीएल देवदूत मरियेला ती येशूची आई होणार असल्याचा निरोप सांगताना दिसतो. दोघांच्या मधल्या अरुंद फळ्यांवर माणूस नाही. एकीकडे खिडकीतून दिसणारे शहर आहे आणि दुसरीकडे कोनाड्यात टांगलेले पाण्याचे भांडे व शेजारी टॉवेल. हे भांडे आणि हा स्वच्छ टॉवेल मरियेच्या निर्मळतेचे चिन्ह मानले जातात, आणि टॉवेलांच्या गावात राहणाऱ्या माणसाची नजर त्यावर थोडी अधिक रेंगाळली तर नवल नाही. देवदूताचे शब्द सरळ लिहिलेले आहेत. मरियेचे उत्तर, ‘पाहा, मी प्रभूची दासी’ या अर्थाचे, उजवीकडून डावीकडे आणि उलट्या अक्षरांत आहे, कारण ते वरून पाहणाऱ्या देवाने वाचायचे आहे. छपाईपूर्वी दुकानातून फोन आला की अक्षरे उलटी दिसत आहेत, चित्र फिरले आहे का. इतक्या बारकाईने फाइल तपासणारा छपाईवाला मिळणे दुर्मीळ, आणि या दुकानाची शिफारस करण्यामागे हा एक फोन मोठे कारण आहे.

खालच्या भागात मात्र काम उणे पडले. तेथे दोन योहान, बाप्तिस्मा करणारा आणि शुभवर्तमानकार, दगडी पुतळ्यांसारखे करड्या रंगात उभे आहेत, आणि त्यांच्या दोन बाजूंना व्हेइट पतिपत्नी खऱ्या माणसांच्या रंगात गुडघे टेकून आहेत. जिवंत देह आणि दगड यांतला हा भेद चित्रकाराने केवळ रंगाच्या जोरावर साधला आहे. आमच्या प्रतीत करड्या रंगावर हिरवट झाक आली, त्यामुळे संत पुतळ्यांसारखे न दिसता आजारी माणसांसारखे दिसतात. बाहेरची बाजू संयत राहिली तरच पंख उघडताना आतला लाल, हिरवा आणि सोनेरी रंग अंगावर येतो. म्हणून हा दोष मला किरकोळ मानता येत नाही.

आतली बाजू उत्तम उतरली आहे. वर मध्यभागी सिंहासनावर ईश्वर आहे, त्याच्या दोन बाजूंना मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान, त्यांच्या पलीकडे गाणारे व वाद्ये वाजवणारे देवदूत आणि अगदी कडेला आदाम व हव्वा. ईश्वराच्या पाठीमागच्या भरजरी कापडावर द्राक्षवेल आणि पेलिकन पक्षी यांची नक्षी आहे. हा पक्षी स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी मध्ययुगीन समजूत होती, म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक ठरला. द्राक्षे मिस्सेतील द्राक्षारसाची आठवण देतात. आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी उमेदीची वर्षे जकार्डच्या चादरींची डिझाइने ग्राफवर काढण्यात घालवली. त्यांनी भिंग लावून त्या नक्षीची पुनरावृत्ती कोठे सुरू होते हे दाखवले, तेव्हा चित्रातले कापडही विणकराला पटेल असे रंगवले आहे याची खात्री पटली.

खालच्या विस्तीर्ण फळीवर बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील, ‘प्रकटीकरणा’तील, दृश्य आहे. हिरव्या कुरणावर वेदी, वेदीवर उभा असलेला देवाचा कोकरा (ख्रिस्ताचे प्रतीक), त्याच्या छातीतून प्याल्यात पडणारी रक्ताची धार, भोवती क्रूस आणि दुःखसहनाची इतर चिन्हे धरलेले देवदूत, पुढे जीवनाच्या पाण्याचे अष्टकोनी कारंजे आणि चारी दिशांनी येणारे संदेष्टे, प्रेषित, हुतात्मे व कुमारिका. वेदीच्या पुढच्या कापडावर जगाचे पाप हरण करणाऱ्या कोकऱ्याचे वचन लिहिलेले आहे. जखमी असूनही कोकरा ताठ उभा आहे, आणि संपूर्ण चित्राचा अर्थ त्या उभे राहण्यात आहे असे मी मानतो.

याच कोकऱ्यामुळे पहिली छपाई परत करावी लागली. दुकानाने इंटरनेटवरून जुने छायाचित्र घेतले होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास कोणीतरी मूळ कोकऱ्यावर नवा चेहरा रंगवला होता. १९५०-५१ च्या डागडुजीत मूळ कानही उघडे पडले, आणि पुढे कित्येक वर्षे तो चार कानांनिशी दिसत राहिला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या जीर्णोद्धारात वरचे रंगकाम काढल्यावर मूळ चेहरा प्रकट झाला, समोर रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचा. अनेकांना तो चमत्कारिक वाटला. मला मात्र तो नजर चुकवू न देणारा आणि म्हणूनच खरा वाटतो. दुकानाने ती फळी विनातक्रार, जादा पैसे न घेता पुन्हा छापून दिली.

‘न्यायी न्यायाधीश’ ही डावीकडची खालची फळी ११ एप्रिल १९३४ रोजी पहाटे उघडकीस आलेल्या चोरीत गेली आणि अद्याप सापडलेली नाही. आज तिच्या जागी जेफ व्हान डर वेकेन यांनी केलेली नक्कल आहे. प्रतिकृतीत हे कळावे म्हणून आम्ही त्या फळीच्या कडेला बारीक पट्टी लावून घेतली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी संपूर्ण वेदीचित्रच पळवले होते आणि १९४५ मध्ये ते ऑस्ट्रियातील आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीतून परत मिळाले. एवढ्या हालअपेष्टा सोसलेल्या कलाकृतीची प्रत करताना तिचे तुटलेपण लपवू नये.

काम प्लायवुडवर कॅनव्हास प्रिंट चिकटवून केले आहे. बिजागऱ्या पितळी आहेत आणि पंख सहज फिरतात. लॅमिनेशन चकचकीत झाल्यामुळे ट्यूबलाइट त्यात दिसते, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात उजव्या पंखाचा एक कोपरा सुटला, जो त्यांनी येऊन चिकटवून दिला. एकूण खर्च साडेसात हजारांच्या घरात गेला. मजुरी पाहता तो रास्त आहे. ज्यांना अशी प्रतिकृती करून घ्यायची असेल त्यांनी जीर्णोद्धारानंतरचे छायाचित्र स्वतः द्यावे, मॅट लॅमिनेशन सांगावे आणि करड्या रंगाच्या दोन संतांची टेस्ट प्रिंट दिवसाच्या उजेडात पाहूनच पुढची छपाई करू द्यावी. जागा निवडताना खिडकी पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येईल असे पाहावे, कारण मूळ प्रार्थनालयात प्रकाश त्या बाजूने येत असे आणि चित्रातल्या सावल्या त्याच हिशोबाने रंगवलेल्या आहेत.