ड जीवनसत्त्व: रोजची छोटी गोळी की महिन्याचा मोठा डोस?

घरातल्या वयस्करांसाठी ड जीवनसत्त्व घेताना सगळे विचारतात, "किती युनिटचं?" ते किती दिवसांनी घ्यायचं, हे त्याहून महत्त्वाचं.

आधी हिशेब. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. सत्तरीनंतर रोज ८०० युनिट लागतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ४,०००च्या वर जाऊ नये. ६०,०००चा डोस महिन्यातून एकदा घेतला तर दिवसाला २,००० पडतात, दर आठवड्याला घेतला तर जवळपास ८,६००. म्हणजे आठवड्याचा डोस हा कमतरतेवरचा ठरावीक मुदतीचा उपचार आहे. तो वर्षानुवर्षं चालू ठेवायचा नसतो.

वर्षातून एकदाच भलामोठा डोस हा पर्याय सरळ बाद करा. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ स्त्रियांवर तो अभ्यासला गेला. २०१०च्या निकालांनुसार ५ लाख युनिट घेणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण १५ टक्के आणि हाडं मोडण्याचं २६ टक्के जास्त निघालं. पडण्यातली वाढ डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक होती.

मासिक डोसची जमेची बाजू एकच: लक्षात ठेवायला सोपा. पण २०१६च्या एका अभ्यासात महिन्याला ६०,००० घेणारे २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले, आणि पायांची ताकदही काही वाढली नाही. सरासरी कागदावर जुळते, शरीरात नाही. एकदम मोठा साठा आला की त्याची विल्हेवाट लावणारं एन्झाइमही वाढतं.

रोजच्या गोळीचा फायदा दिसतो तो मुळात कमतरता असलेल्यांना. १९९२च्या फ्रान्समधल्या अभ्यासात वृद्धाश्रमातल्या स्त्रियांना रोज ८०० युनिट आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम दिल्यावर खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं. उलट अमेरिकेत २५ हजारांवर धडधाकट लोकांना रोज २,००० देऊनही फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. म्हातारपण पुढे ढकलणारी गोळी म्हणून कोणी विकत असेल तर दुर्लक्ष करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आठवड्याची गोळी चुकून रोज घेणं. रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, मग बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटतं, वय झालं. हे जीवनसत्त्व चरबीत साठत असल्यामुळे गोळी थांबवल्यावरही त्रास लगेच ओसरत नाही. म्हणून डोस साप्ताहिक असेल तर पाकिटावर वार ठळक लिहा आणि एका वेळी एकच गोळी बाहेर ठेवा. मुतखडा किंवा सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) असेल, किंवा थायाझाइड (रक्तदाबासाठीचं, लघवी वाढवणारं औषध) वा डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

डी२ आणि डी३ या ड जीवनसत्त्वाच्या दोन प्रकारांपैकी डी३ घ्या, रक्तातली पातळी जास्त टिकते. गोळी उपाशीपोटी नको, दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत घ्या. कमतरतेवर उपचार चालू असतील तर पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. त्याआधी पातळी स्थिरावलेली नसते.