वीज परतली की गीझर आपोआप चालू: मॅटर प्लगचा पावसाळाभराचा अनुभव

राजारामपुरीतल्या आमच्या घरी गीझरला लावलेला जुना वाय-फाय प्लग निरुपयोगी झाला, तो बिघडल्यामुळे नव्हे, तर बनवणाऱ्या कंपनीने आपला सर्व्हर बंद केल्यामुळे. बटण चालते, दिवा लागतो, पण वेळ लावता येत नाही, ही अवस्था पाहून नवा १६ अँपिअरचा प्लग घेताना खोक्यावर मॅटरचे, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे कंपनीच्या सर्व्हरविना घरातल्या घरात जोडणाऱ्या खुल्या मानकाचे, चिन्ह असल्याची आधी खात्री केली आणि त्यापायी साध्या प्लगपेक्षा जास्त पैसे नाइलाजाने मोजले.

जोडणी सोपी झाली. मागच्या बाजूला छापलेल्या ११ अंकी कोडचा फोटो प्लग भिंतीत बसवण्यापूर्वीच काढून ठेवावा, कारण नंतर तो कोड दिसत नाही. मॅटरच्या उपकरणांना लागणारा नियंत्रक म्हणून चालणारा स्मार्ट स्पीकर घरात आधीपासून होता म्हणून बरे; नाहीतर या खुल्या मानकाच्या दारातच आणखी एक उपकरण विकत घ्यावे लागले असते.

खरी कटकट पावसाळ्यात सुरू झाली. वीज जाऊन परत आली की प्लग आपोआप चालू स्थितीत येई आणि कोणालाही आंघोळ करायची नसताना २ किलोवॅटचा गीझर भर दुपारी पाणी तापवत बसे. थर्मोस्टॅट असल्याने धोका फारसा नव्हता, पण महावितरणचे बिल मी भरतो, थर्मोस्टॅट नाही. कंपनीच्या ॲपमध्ये ही स्थिती बदलण्याची सोय सापडली नाही. सेवा केंद्राशी बराच वाद घातल्यावर ‘ॲपमध्ये नाही म्हणजे प्लगमध्येच नाही’ असे ठाम उत्तर मिळाले. मॅटरच्या चिन्हासाठी दिलेले जादा पैसे पाण्यात गेले, असेच माझे मत त्या आठवड्यात झाले होते.

ते मत भाच्यामुळे बदलले. त्याने अडगळीतल्या लॅपटॉपवर होम असिस्टंट ही घरातली स्मार्ट उपकरणे चालवणारी मोफत प्रणाली बसवली आणि स्पीकरच्या ॲपमधून प्लगसाठी नवा जोडणी कोड मिळवला, जो जास्तीत जास्त १५ मिनिटेच चालतो. एकच उपकरण एकाच वेळी अनेक नियंत्रकांना जोडता आले पाहिजे, ही अट मॅटरमध्येच असल्यामुळे कंपनीची परवानगी लागली नाही आणि स्पीकरची जोडणीही तुटली नाही. होम असिस्टंटमध्ये प्लगच्या पानावर वीज परतल्यानंतरच्या स्थितीचा पर्याय सरळ दिसत होता. मानकात या गुणधर्माला स्टार्टअप-ऑन-ऑफ म्हणतात. म्हणजे सोय प्लगमध्ये पहिल्यापासून होती, फक्त कंपनीने आपल्या ॲपमध्ये ती दाखवली नव्हती. ‘बंद’ निवडले. हे मूल्य प्लगच्याच स्मृतीत साठत असल्याने आता लॅपटॉप चालू ठेवावा लागत नाही, आणि त्याचीही वीज वाचते, याचे मला विशेष समाधान आहे. त्यानंतर वीज कितीही वेळा गेली तरी गीझर बंदच राहिला आहे.

एक तक्रार मात्र कायम आहे. प्लग किती युनिट वापरले ते मोजतो, पण तो आकडा कंपनीच्या ॲपबाहेर कुठेच दिसत नाही. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तर वीजवापराच्या नोंदी कळवण्याची तरतूद मे २०२४ च्या १.३ आवृत्तीत झाली. माझ्या प्लगने ती स्वीकारलेली नाही आणि खोक्यावर आवृत्ती छापलेली नसल्यामुळे दुकानात उभे राहून हे कळण्याचा मार्गही नाही. ज्याला बिलाचा हिशेब ठेवायचा आहे, त्याने खरेदीपूर्वी हीच गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

वरच्या मजल्यावरील गीझरसाठी दुसरा प्लग मागवला आहे, तोही मॅटरचाच, पण दुसऱ्या कंपनीचा.