डिझेल पिकअपचा काटा: वरचा अर्धा गोड बोलतो

एक टनी डिझेल पिकअपमधला काट्याचा गेज अंदाजापुरता ठीक, हिशेबाला कच्चा. टाकी फुल केल्यावर काटा बराच वेळ हलतच नाही आणि अर्ध्याखाली आला की भराभर घसरतो. टाकी सगळीकडे सारख्या रुंदीची नसते, आणि आतला फ्लोट (डिझेलवर तरंगणारा तुकडा) फक्त उंची मोजतो, लिटर नाही.

रिझर्व्हचा दिवा त्यापेक्षा कामाचा, पण सपाटीवरच. कात्रज किंवा खंबाटकी चढताना डिझेल मागे सरकतं, त्यामुळे फ्लोट कुठे बसवलाय त्यावर दिवा लवकर किंवा उशिरा लागतो. घाटात लागलेला दिवा खरा धरू नका. सपाट रस्त्यावर दोनेक मिनिटं थांबून पाहा.

रिझर्व्ह मोजायचं असेल तर दिवा कायमचा लागताच पंपावर जा, नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत भरा. ६० लिटरच्या टाकीत ५१ मावलं तर शिल्लक होतं साधारण ९. त्यातलं तळाचं दोन लिटर विसरा: सक्शन पाइप हवा ओढतो, मग ती हवा काढायला फिल्टरवरचा हातपंप दाबत बसा. मार्केट यार्डच्या रांगेत तर नकोच!

काटा उड्या मारत असेल तर आधी टाकीजवळची अर्थिंगची वायर आणि कनेक्टर घासून पाहा. तरीही तेच, तर फ्लोट युनिटची पट्टी झिजलीय. पुण्यात नाना पेठेत सुटं युनिट मिळतं. सोबत नवी रबर सील घ्याच, जुनी परत बसवली की डिझेल पाझरतं.