एडिसन ते मॅनहॅटन: गाडीच्या सूचना फीडवर घ्याव्यात, अॅपवर की एक्सवर?

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा मेट्रोपार्कहून रोज न्यू यॉर्कचं मॅनहॅटन गाठणाऱ्यांचं वेळापत्रक हडसन नदीखालच्या दोन बोगद्यांच्या हातात असतं. बोगदे १९१० सालचे, प्रत्येकात एकच रूळ. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं आणि त्याचे परिणाम पुढे कित्येक वर्षं भोगावे लागले. एका बोगद्यात गाडी अडकली की जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या गाड्या उरलेल्या एका रुळावरून सोडाव्या लागतात. ही बातमी न्यूअर्कच्या आधी कळली तर तिथे उतरून पाथ, म्हणजे मॅनहॅटनला जाणारी दुसरी रेल्वे, पकडता येते. न्यूअर्क सुटल्यावर कळली तर पर्याय भराभर कमी होतात. म्हणून सूचना कुठून घ्यायची हे ठरवताना मी पहिला प्रश्न एकच विचारते: ती हातात किती लवकर पडते?

आधी फीड, म्हणजे नव्या सूचनांची अशी यादी जी रीडर नावाचं अॅप आपल्यासाठी वाचतं. न्यू जर्सीची वाहतूक एजन्सी एनजे ट्रान्झिट रेल्वे, बस आणि लाइट रेलच्या प्रवासी सूचना आरएसएस फीडवरही देत आली आहे. फीडचा पत्ता एकदा रीडरमध्ये टाकला की झालं. खातं उघडायला नको, फोन नंबर द्यायला नको, आपण कितीच्या गाडीने कुठे जातो हे कुणाला कळवायला नको. मधे जाहिरात नाही आणि कोणती सूचना वर दाखवायची हे ठरवणारं कुणी नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण फीड आपणहून हाक मारत नाही. रीडरने ठरावीक वेळाने जाऊन 'काही नवीन?' असं विचारावं लागतं. नेटन्यूजवायरसारखा मोफत रीडर मॅकवर ठरावीक वेळाने आपणहून विचारतो, पण फोन खिशात असताना त्याला कधी जाग येऊ द्यायची हे आयफोन ठरवतो. वेबवरच्या रीडर सेवांच्या फुकट योजनेत तर कमी वाचकांची फीड तासाभरानेही तपासली जाऊ शकते. सकाळी पावणेआठच्या गाडीसाठी तासाभरापूर्वीची स्थिती काय कामाची?

दुसरी अडचण लोकांच्या लक्षात उशिरा येते. बिघाड दुरुस्त झाला की एजन्सी ती सूचना फीडमधून काढून टाकते, पण तुमच्या रीडरने ती आधीच उतरवून घेतलेली असते. गाड्या सुरळीत धावत असतात आणि रीडरमध्ये 'पंचेचाळीस मिनिटं उशीर' तसाच पडून असतो. उलटंही होतं. जुन्या सूचनेचा मजकूर बदलला, पण तिची ओळखखूण तीच राहिली, तर बरेच रीडर तिला नवीन समजत नाहीत. ऐन वेळी फीडवर विसंबणाऱ्याने मजकुराआधी प्रसिद्धीची वेळ वाचावी.

एजन्सीच्या अॅपचं पुश नोटिफिकेशन, म्हणजे फोनवर आपणहून येणारी सूचना, इथे सरळ पुढे जातं. आपली लाइन निवडायची, शक्य असेल तिथे दिवस आणि वेळही निवडायची. बिघाड झाला की फोन वाजतो. मोठ्या खोळंब्यात एनजे ट्रान्झिटचं तिकीट पाथवर चालेल की नाही, हे बहुधा त्याच सूचनेत असतं आणि प्रवाशाला तेच हवं असतं. ईमेल त्यापेक्षा मागे पडतो, कारण तो इतर पत्रांच्या गर्दीत बुडतो. एसएमएस अजूनही विश्वासाचा, विशेषतः डेटा नीट मिळत नसेल तेव्हा.

मग फीड घ्यायचीच कशाला? आधी ठरलेल्या बदलांसाठी. रुळांची कामं, शनिवार-रविवारचं वेगळं वेळापत्रक, सुट्टीच्या दिवसाच्या गाड्या. मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी शनिवारी बघून ठेवणाऱ्यांना ही सवय नवी नाही. अशी सूचना चार तास उशिरा दिसली तरी बिघडत नाही, पण ती हरवता कामा नये. नोटिफिकेशन बोटाने सरकवलं की गेलं. रीडरमध्ये ती वाचेपर्यंत थांबते आणि नंतर शोधताही येते. रेल्वेच्या फीडमध्ये सगळ्या लाइनींच्या सूचना एकत्र असतील तर गाळणी (फिल्टर) लावावी लागते. फ्रेशआरएसएस या रीडरमध्ये ती सोय मोफत आहे, मात्र तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवावा लागतो. काही तयार सेवा त्यासाठी पैसे घेतात.

एक्सबद्दल, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरबद्दल, माझं मत स्पष्ट आहे: त्यावर एकट्यावर राहू नका. २०२३ मध्ये ट्विटरने एपीआयसाठी, म्हणजे प्रोग्रॅममधून आपोआप पोस्ट टाकण्याच्या सोयीसाठी, पैसे मागायला सुरुवात केली. न्यू यॉर्कची सबवे आणि बस चालवणाऱ्या एमटीएसाठी ती रक्कम महिन्याला ५०,००० डॉलर होईल, असं तेव्हा छापून आलं होतं. एमटीएने ट्विटरवर गाड्यांच्या सूचना देणंच थांबवलं. मेच्या सुरुवातीला कंपनीने सार्वजनिक सेवांना मोफत परवानगी दिली, तेव्हा सूचना परत सुरू झाल्या. लाखो प्रवाशांची रोजची माहिती एका कंपनीच्या दरपत्रकावर अडली, हे मला आजही खटकतं. शिवाय लॉगिन नसेल तर तिथे ताज्या पोस्ट क्रमाने दिसतील याचा भरवसा नाही. फीडला असा मधला मालक नसतो.

रोज ठरलेल्या वेळी जाणाऱ्याने आपल्या लाइनीचं पुश चालू ठेवावं आणि फीड जोडीला घ्यावी. घरून काम करणाऱ्या, आठवड्यातून एखाददोनदाच शहरात जाणाऱ्याला फीड एवढी एकच गोष्टही पुरेल.

पुढे सबवे घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एमटीएच्या सूचना जीटीएफएस-रिअलटाइम या, वाहतुकीची माहिती प्रोग्रॅमना देण्याच्या प्रकारात खुल्या मिळतात. त्यात सूचना कधीपासून कधीपर्यंत लागू आणि कोणत्या लाइनीला, हे वेगवेगळ्या रकान्यांत असतं, त्यामुळे वर सांगितलेला शिळ्या सूचनेचा घोळ टळतो. पण साधा आरएसएस रीडर ती वाचू शकत नाही. थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर तिच्यातून फक्त आपली लाइन काढून आरएसएस बनवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते. ते जमणार नसेल तर सबवेसाठी एमटीएचं अॅपच घ्या.